फेरात या, रत्नागिरीकरांनो!

लावणी आटोपली आहे. भात उभं राहिलं आहे आणि दिवेलागणीनंतर वाड्यावाड्यांतून ढोलकीवर थाप ऐकू येऊ लागली आहे. गणपती तोंडावर आले. जाखडीच्या तालमी याच दिवसांत रंगतात, म्हणून हे सांगणं आजच सांगायला हवं. एकदा गौरी-गणपती गेले, चाकरमानी परतले, की ढोलकी खुंटीला लागते आणि मग शिमग्यापर्यंत कुणाला वेळ नसतो.

मागणं एवढंच आहे. यंदा तालमीच्या खळ्यावर नुसतं बघायला जाऊ नका, नाचायला जा. आणि गणपती गेल्यावर फेर मोडू नका. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी, पाऊण ते एक तास, वर्षभर, प्रत्येक वाडीत आणि शहरातल्या प्रत्येक गल्लीत नाच चालू राहू द्या. साठी उलटलेल्यांना आणि घरच्या बायकांना त्यात पहिली जागा द्या.

जाखडीवर माझं प्रेम आहेच, पण हे त्या प्रेमापोटी मागत नाही. माणसांच्या काळजीने मागते आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. महाराष्ट्र वाढत होता तेव्हा आपला जिल्हा आकसत होता. दर हजार पुरुषांमागे इथे १,१२२ बायका मोजल्या गेल्या. याचा अर्थ मंडणगडपासून राजापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कर्ती माणसं मुंबई-पुण्याला, आणि घर सांभाळायला आई, नाहीतर आजी. कित्येक वाड्यांत चार घरांना कुलूप आणि पाचव्या घरात एकटी बाई. मुलगा रात्री फोन करतो, जेवलीस का विचारतो, ती हो म्हणते. त्या दिवसभरात तिच्याशी समोरासमोर कुणी बोललं का, हे त्या फोनवर कळत नाही.

दुसरीकडे अंगमेहनत संपत चालली. पूर्वी शेत, गुरं, विहीर, जातं यांतच अंगाचा व्यायाम होऊन जाई. आता कितीतरी मळे पडीक आहेत, दारात दुचाकी आहे, पाणी नळाला आहे. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं, त्यासाठी आधीच्या पिढ्यांनी हाडं झिजवली. पण शरीराला हालचाल लागतेच, आणि ती दुसरीकडून कुठूनही आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ सालचा हिशेब मांडला तेव्हा भारतातली जवळपास निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नसल्याचं दिसलं. बायकांत हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि दर तीन प्रौढांपैकी एकाहून अधिकांचा रक्तदाब वाढलेला आहे. रत्नागिरी या आकड्यांच्या बाहेर नाही. कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसून पाहा.

उपाय म्हणून सगळे चालायला सांगतात. चालणं उत्तमच. पण भर पावसात, निसरड्या पाखाडीवरून, सत्तरीच्या बाईने एकटीने रोज चालायला जायचं कुठे? जिम मारुती मंदिरापाशी असेल, वाडीत नाही. तिथे साडी नेसलेल्या आजीला कुणी बोलवतही नाही. आणि एकट्याचा व्यायाम चार दिवसांत सुटतो. नाच सुटत नाही, कारण शेजारीण हाक मारायला येते.

आता जाखडीचा फेर जवळून पाहा. मधे शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला बसलेले. भोवती आठ-दहा नाचे, पायांत चाळ. गण सुरू होतो तेव्हा चाल संथ असते. एक पाऊल पुढे पडतं, दुसरं त्याला येऊन मिळतं, कमरेतून थोडा वाक, टाळी, आणि अंग बाहेरच्या बाजूला वळतं. गुडघे कुठेच पुरते ताठ होत नाहीत. दर ठेक्याला सगळा भार क्षणभर एका पायावर येतो, दुसऱ्या पायातले चाळ वाजतात, मग भार इकडून तिकडे जातो. शाहीर ध्रुपदावर आला की नाच्यांनी झील ओढायची, म्हणजे पायही चालू आणि गळाही चालू. पुढे ढोलकी चढते, चाल दुप्पट होते, फिरण्याची दिशा उलटते, आणि ज्याचं ध्यान नसेल तो थेट शेजाऱ्याच्या अंगावर जातो. गावागणिक पावलं निराळी, पण एवढं बहुतेक ठिकाणी सारखं.

यातलं एकेक पाऊल म्हातारपणी कामी येणारं आहे. आपला तोल तीन गोष्टी सांभाळतात: डोळे, आतला कान, आणि तळपाय-सांध्यांकडून मेंदूला जाणारी जाणीव. वय वाढतं तशा तिन्ही मंदावतात. सपाट रस्त्यावर सरळ चालताना त्यांची फारशी परीक्षा होत नाही. बाजूला पाऊल टाकताना, वळताना, एका पायावर उभं राहताना होते. श्रावणात शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय सरकतो तेव्हा माणसाला वाचवतं ते झटकन बाजूला पडलेलं एक पाऊल. ते पाऊल सवयीचं असावं लागतं. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामांवर जगभर जे अभ्यास झाले, त्यांचा एकत्र निष्कर्ष असा की त्यांनी ज्येष्ठांचं पडणं जवळपास एक चतुर्थांशाने कमी होतं. त्या अभ्यासांत आपली जाखडी कुणी घेतली नव्हती, हे मान्य. पण गुडघ्यात वाक, भाराची अदलाबदल, वळण या त्याच हालचाली जाखडीत आहेत. आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्या घराने पाहिलं आहे, त्या घराला एक चतुर्थांश म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

मधुमेहाचंही तसंच. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता स्वतःकडे ओढून घेतो. मांड्यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे, आणि वाकलेल्या गुडघ्यांनी फेर धरला की तेच सर्वांत जास्त राबतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा सराव. वर तीन संध्याकाळी मागितल्या त्या यासाठीच. पन्नास-पन्नास मिनिटं नाचलात तर हिशेब पुरा होतो. दम मध्यम आहे की जास्त, हे ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येतं पण सुरात गाता येत नाही, तो मध्यम दम. झील ओढताना शब्दच फुटेनासे झाले तर चाल उतरवा.

नाचाचा मेंदूशी असलेला संबंध मला सर्वांत मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स भागात ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांवर संशोधकांनी सरासरी पाच वर्षं लक्ष ठेवलं. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण वाचतं, कोण पत्ते खेळतं, कोण पोहतं, चालतं, नाचतं हे नोंदवलं आणि पुढे कुणाला स्मृतिभ्रंश झाला ते पाहिलं. शारीरिक हालचालींपैकी एकट्या नाचाशीच स्मृतिभ्रंशाचा कमी धोका जोडलेला दिसला. एका अभ्यासाने सिद्धता होत नाही. मुळात ज्यांचा मेंदू तल्लख तेच नाचत राहिले, असंही असू शकेल. पण कारण पटण्यासारखं आहे. नाचताना पुढचं पाऊल आठवावं लागतं, ठेका ऐकावा लागतो, शेजाऱ्याकडे डोळा ठेवावा लागतो, आणि हे सगळं एकाच क्षणी. भारतात साठीपुढच्या दर शंभरांतल्या सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. आपल्या आईवडिलांसाठी एवढी शक्यताही मला पुरेशी वाटते.

आणि एकत्र नाचण्याचं काय? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या माराजो बेटावर अडीचशेहून अधिक शाळकरी मुलांना गटागटाने नाचवलं. काहींची पावलं एकसारखी, काहींची वेगवेगळी. काही उभ्याने जोरात, काही बसून हलक्या हालचालींनी. रक्तदाब मोजायचा पट्टा हाताला आवळून, दुखणं कुठवर सोसतं ते नाचाआधी आणि नंतर तपासलं. ज्यांची पावलं एकसारखी पडली त्यांची सोसण्याची ताकद वाढली, आणि बरोबर नाचलेल्यांबद्दल आपलेपणाही वाढला. जोरात नाचणाऱ्यांतही दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे दिसल्या. शिमग्यात बारा वाड्यांच्या श्री देव भैरीची पालखी खांद्यावर घेऊन नाचवणाऱ्या गड्यांना हे कुणी सांगायला नको. एरवी चार जिने चढताना धापा टाकणारा माणूस त्या दिवशी तासन्‌तास उभा असतो, आणि वर्षभर अबोला धरलेले दोघे एकाच दांडीखाली येतात. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. जगात दर सहांतल्या एका माणसाला एकटेपणा ग्रासतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितलं. रिकाम्या वाड्यांच्या आपल्या जिल्ह्यात तो किती असेल याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरापासून करावा.

आजारी माणसांनाही नाचात आणण्याची एक वाट पुण्याने दाखवली आहे. तिथल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला पेशंट म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना शुभंकर. नर्तक ऋषिकेश पवार यांनी या शुभार्थींना नाच शिकवला. हात थरथरतात, पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं अडतं, चेहरा गोठल्यासारखा होतो, अशी ही माणसं. त्याआधी २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने असाच वर्ग सुरू केला होता. पार्किन्सन्समध्ये बाहेरून ठेका मिळाला की अडलेलं पाऊल उचलायला मदत होते, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. आपल्याकडे ठेका देणारे हात वाडीवाडीत आहेत. जाखडीची ढोलकी आहे, नमनाचा मृदंग आहे. त्या हातांना या कामासाठी बोलवायला हवं.

तेच हात आता म्हातारे झाले आहेत. घाईचं दुसरं कारण हे. शक्तीवाले आणि तुरेवाले शाहीर रात्र रात्र बारी रंगवतात, पुराणातले सवाल टाकतात, जवाब बांधतात. पदं वहीत असतात, पण पावलं कुठल्या वहीत नसतात. नमनातली गवळण कशी मुरडते, संकासूर कसा उसळतो, काटखेळ्यांच्या काठ्या कुठल्या मात्रेवर भिडतात, हे सगळं अंगात असतं आणि अंगाबरोबरच जातं. शहरात राहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनी या नाचांकडे वर्षानुवर्षं नाक मुरडून पाहिलं. कुणब्यांचा नाच, गड्यांचा नाच म्हणून बाजूला ठेवला आणि मुलांना मोबाईलवरच्या नाचांचे वर्ग लावले. ते वर्गही असोत, नाच कुठलाही चांगलाच. पण जे शिकवायला गुरू दारात आहेत, फी नाही, पोशाख नाही, आणि सत्तरीच्या माणसाला झेपेल इतक्या संथ चालीपासून ज्याची सुरुवात होते, ते सोडून देणं हे आपल्याच घरावर अन्याय करणं आहे.

बायकांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. गौरी जागवताना फुगडी, झिम्मा, पिंगा, बसफुगडी रात्रभर चालतात आणि दुसऱ्या दिवशी ओटी भरून सगळं संपतं. बसफुगडीत उकिडवं बसून पाय आलटून पालटून पुढे टाकायचे असतात. मांड्यांना आणि पोटाला यापेक्षा कडक व्यायाम क्वचित सापडेल. हे एका रात्रीपुरतं का? अलीकडे काही ठिकाणी बायकांनीही जाखडी आणि नमन बसवलं आहे. त्यांचं मनापासून कौतुक, आणि ज्या वाडीत अजून बसवलेलं नाही तिथल्या बचत गटांनी यंदा पुढाकार घ्यावा. पण एक अट आहे. फेरात येताना कुणाचं कुंकू पाहू नका. नवरा गेलेली बाई भिंतीला टेकून टाळ्या वाजवते, हे दृश्य आपण फार वर्षं चालवून घेतलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि लगोलग राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्याला तर ठरावाचीही गरज नाही. तिचा हात धरायचा आणि मधे ओढायचं. एकटेपणाचा भार सर्वांत जास्त तिच्यावर आहे, म्हणून फेराची गरजही सर्वांत जास्त तिला आहे.

"आता या वयात लोक काय म्हणतील?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकू येतो. विचारणाऱ्या काकूंचा पाय मात्र पडवीत बसल्या बसल्या ठेका धरत असतो. काकू, लोक दोन दिवस म्हणतील आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या शेजारी येऊन उभे राहतील.

काळजी मात्र घ्यायचीच. हृदयविकार असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी नाचू नये आणि कनवटीला साखरेची पुडी ठेवावी. मधुमेहात ज्यांच्या तळपायांची जाणीव कमी झालेली असते, त्यांनी अनवाणी नाचू नये, पायाला घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट घालावेत. ओल्या फरशीवर फेर धरू नका. सारवलेलं कोरडं खळं, शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप उत्तम. गुडघे दुखणाऱ्यांनी उड्या आणि पूर्ण बैठक टाळावी, वाक कमी ठेवावा. ज्यांना उभं राहवत नाही त्यांना फेराच्या कडेला खुर्ची द्या आणि बसल्या जागी हात, खांदे, टाचा हलवू द्या. त्यांनाही झील ओढता येते. सुरुवातीची दहा मिनिटं गणाचीच चाल ठेवा आणि शेवटही संथ करा. आपल्याकडे घाम फार येतो, पाण्याची कळशी जवळ असू द्या. आणि डीजे नको. छाती हादरवणाऱ्या त्या आवाजाने कानांचं नुकसान होतं, म्हातारी माणसं घरात शिरतात आणि दार लावून घेतात. एक ढोलकी आणि एक झांज पुरते.

नाचमंडळांनो, गणपतीआधीच्या तालमीत रोज पहिला अर्धा तास वाडीतल्या सगळ्यांसाठी खुला ठेवा. तुमची बारी त्याने बिघडणार नाही. शाहिरांनो, साखरेवर, रक्तदाबावर, एकट्या राहणाऱ्या आईवर पद बांधा. तुमच्या तोंडून आलेलं गाव ऐकतो, भित्तिपत्रक वाचत नाही. डॉक्टरांनो, गोळ्यांच्या चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत "आठवड्यातून तीन वेळा फेर" असं लिहा. तुमच्या अक्षरात लिहिलेलं असलं की सासूही सुनेला सोडते. मुख्याध्यापकांनो, शनिवारची शेवटची तासिका गावच्या जुन्या नाच्याला द्या आणि त्याला सन्मानाचं मानधन द्या. रत्नागिरी शहरातल्या सोसायट्यांनी, ज्येष्ठ नागरिकांच्या संघांनी, महिला मंडळांनी वाडीतून एखादा ढोलकीवाला आणि एखादी फुगडीतली जाणती बाई बोलवावी. थिबा पॅलेसचा परिसर असो की साळवी स्टॉप, गच्ची आणि पार्किंगची जागा सगळीकडे आहे.

आणि चाकरमान्यांनो, तुम्हाला वेगळं सांगणं आहे. तुम्ही गावी याल, पाच-सात दिवस घर भरेल, नाचाल, मोबाईलवर चित्रफिती काढाल. यंदा चित्रफीत काढताना आईलाही फेरात उभी करा. परतीच्या गाडीत बसण्याआधी एक संध्याकाळ वाडीसाठी राखून ठेवा. ढोलकी कोण वाजवणार, जागा कुणाची, दिवे कोण लावणार, वाटेत अंधार असेल तर कुणाला कोण हाताला धरून आणणार, हे चौघांत बसून ठरवा. ढोलकीवाल्याच्या चहापाण्याचे पैसे तुमच्या मुंबईच्या मंडळातून महिन्याला पाठवा. आणि पुढे रोज फोन कराल तेव्हा जेवलीस का विचारून झाल्यावर, आज फेराला गेली होतीस का, कोण कोण आलं होतं, हेही विचारा.